पावसाआडचा मुलूख : किन्नौर-स्पितीतील अकरा दिवस

माझा जन्म माण तालुक्यातला. ज्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, त्याच जिल्ह्यात पूर्वेकडे शंभरएक किलोमीटरवर 500 मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष बरे गेले म्हणतात. पुढे 34 वर्षे शाळेत भूगोल शिकवताना फळ्यावर डोंगर काढायचा, एका उतारावर ढग आणि पावसाच्या रेघा काढायच्या आणि दुसऱ्या उताराखाली 'पर्जन्यछाया' असा शब्द लिहायचा, हे मी दरवर्षी केले. त्या शब्दाखाली माझे स्वतःचे गाव होते. हिमालयाच्या पर्जन्यछायेत लोक कसे राहतात, पाणी कुठून आणतात आणि काय पिकवतात, हे एकदा डोळ्यांनी पाहावे ही इच्छा तेव्हापासूनची. 2024 च्या सप्टेंबरात ती पूर्ण झाली. बरोबर पत्नी, मेव्हणी आणि साडूभाऊ होते. गाडी भाड्याची होती आणि चालक रामपूरचा, या रस्त्यांवर अनेक वर्षे काढलेला.

हिमाचल प्रदेशातल्या स्पितीला दोन बाजूंनी जाता येते. मनालीहून गेल्यास दुसऱ्याच दिवशी 4500 मीटरच्या खिंडीत पोचावे लागते आणि शरीराला विरळ हवेची सवय होत नाही. शिमला-किन्नौरच्या बाजूने अंतर जास्त असले तरी उंची पायरीपायरीने वाढत जाते. साठीच्या आसपासच्या चौघांसाठी दुसरा मार्गच योग्य होता आणि या वयाच्या इतरांनीही तोच धरावा असे मला वाटते.

पहिला दिवस : शिमला ते सराहन

आदल्या दिवशी कालक्याहून छोट्या गाडीने शिमल्याला पोचलो होतो. 1903 मध्ये सुरू झालेल्या या 96 किलोमीटरच्या मार्गावर शंभराहून अधिक बोगदे आहेत. शिमल्यात मात्र आम्ही फक्त झोपण्यापुरते थांबलो. सकाळी निघून नारकंड्याच्या देवदारांतून उतरत गेलो आणि दुपारी पहिल्यांदा सतलज दिसली. रंग सिमेंटसारखा आणि वेग असा की काठावर उभे राहून बोलायचे तर आवाज चढवावा लागतो. रामपूर ही जुन्या बुशहर संस्थानाची राजधानी. तिबेट, लडाख आणि किन्नौरचे व्यापारी लोकर, सुकामेवा आणि घोडे घेऊन जिथे येत, ती लवी जत्रा इथे अजूनही नोव्हेंबरात भरते.

ज्यूरीपासून 17 किलोमीटर चढून सराहनला पोचलो तेव्हा भीमाकाली मंदिराच्या मनोऱ्यांवर उतरते ऊन होते. आत जाताना डोके झाकावे लागते आणि चामड्याची वस्तू बाहेर ठेवावी लागते. मी बराच वेळ भिंतीच पाहत राहिलो. एक थर दगडाचा, एक थर देवदाराच्या तुळयांचा आणि कोपऱ्यांवर तुळया एकमेकींत अडकवलेल्या. या बांधणीला काठकुणी म्हणतात. धरणी हलली की भिंत टोपलीसारखी थोडी हलते आणि पुन्हा जागेवर बसते. किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या शाळेतून मदतीसाठी गेलेल्यांत मी होतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तिथे जाड दगडी भिंती सुट्या होऊन घरांतल्या माणसांवर कोसळल्या होत्या. दगडाला लाकडाने बांधून ठेवण्याची ही रीत इतक्या दूर, इतक्या जुन्या काळात सिद्ध झालेली पाहून त्या पहाटेची आठवण फार तीव्रतेने आली.

दुसरा दिवस : सराहन ते छितकुल

सराहनहून खाली आल्यावर नाथपा धरण लागते. इथे अडवलेले सतलजचे पाणी 27 किलोमीटरहून लांब बोगद्यातून झाकडीच्या भूमिगत वीजगृहात जाते आणि 1500 मेगावॉट वीज तयार होते. कोयनेचे पाणी सह्याद्री पोखरून चिपळूणच्या बाजूला उतरवलेले पाहिले असल्याने ही रचना मला ओळखीची वाटली. पण सह्याद्रीचा बसाल्ट आणि हा ठिसूळ, अजूनही वर उचलला जाणारा डोंगर यांत मोठा फरक आहे. निगुलसरीजवळ रस्त्यावरून गेलो तेव्हा चालकाने रेडिओ बंद केला. 11 ऑगस्ट 2021 रोजी इथे दरड कोसळून 28 जणांचा मृत्यू झाला होता. त्याच सुमारास किन्नौरच्या तरुणांनी नव्या जलविद्युत प्रकल्पांविरुद्ध 'नो मीन्स नो' ही मोहीम चालवली. वीज आपल्याला हवी आहे हे मी जाणतो, पण त्या उभ्या, भेगाळलेल्या कड्यांखालून जाताना त्या तरुणांचे म्हणणे मला पूर्णपणे पटले.

करछमला सतलज सोडून बसपा नदीच्या खोऱ्यात वळलो. सांगल्याच्या पुढे दरी रुंद होत जाते आणि रक्छमनंतर नदीकाठी गुलाबी शेते दिसू लागतात. ही ओगल्याची, म्हणजे आपल्याकडे उपवासाला चालणाऱ्या कुट्टूची शेते. छितकुल 3450 मीटरवर असून गाडीरस्त्याचे या खोऱ्यातले ते शेवटचे गाव आहे. पुढे तिबेटची सीमा आणि मध्ये फक्त लष्कराच्या चौक्या. रात्री थंडी बोचरी होती. जेवणात किन्नौरी राजमा, भात आणि ओगल्याचे धिरडे होते. मेव्हणीने पिठाचे प्रमाण विचारून वहीत टिपून घेतले.

तिसरा दिवस : छितकुल ते कल्पा

सकाळी बसपेच्या काठाने तासभर चाललो. घरांची छपरे इथे उतरती आहेत, लाकडाच्या फळ्यांची किंवा पातळ दगडी पाट्यांची, कारण पाऊस आणि बर्फ दोन्ही येतात. हे मी वहीत लिहून ठेवले, कारण पुढे छपरे कुठे सपाट होतात ते पाहायचे होते.

दुपारनंतर रेकाँग पिओवरून कल्प्याला पोचलो. समोर किन्नर कैलासाची रांग. तिच्यातले जोरकांदेन शिखर 6473 मीटर उंच आहे. बाजूच्या कड्यावर उभा असलेला शिवलिंगासारखा सुळका दिवसभरात रंग बदलतो अशी श्रद्धा आहे. संध्याकाळच्या दोन तासांत आम्ही तो राखाडी, केशरी आणि मग निळसर झालेला पाहिला. सफरचंदांची तोडणी सुरू होती आणि गल्लीगल्लीत लाकडी खोकी रचलेली होती. याच गावात स्वतंत्र भारताचे पहिले मतदार श्यामसरन नेगी राहत. देशात बहुतेक ठिकाणी 1952 च्या सुरुवातीला मतदान झाले, पण तोवर इथले रस्ते बर्फाने बंद होणार म्हणून किन्नौरमध्ये ते आधी उरकले गेले आणि शिक्षक असलेल्या नेगींनी 25 ऑक्टोबर 1951 रोजी मत दिले. नोव्हेंबर 2022 मध्ये शंभरी ओलांडलेल्या नेगींचे निधन झाले, त्याच्या तीनच दिवस आधी त्यांनी टपाली मतदान केले होते. निवृत्त शिक्षक म्हणून मला त्यांच्या गावी आल्याचा आनंद वाटला.

चौथा दिवस : कल्पा ते नाको

या दिवसाची मी वाट पाहत होतो. पिओ सोडल्यावर पहिली काही मैल देवदार सोबत असतात, मग चिलगोज्याचे पाइन. भारतात चिलगोजा मिळतो तो मुख्यतः याच जिल्ह्यातून. स्पिल्लो आणि पूहच्या दरम्यान झाडे विरळ होत जातात आणि एका वळणानंतर डोंगरावर हिरवे असे काहीच उरत नाही. मान्सूनचे ढग धौलाधार आणि पीर पंजालच्या मागे राहिलेले. ज्या रेघा मी फळ्यावर काढत असे, त्यांच्या पलीकडे आता आम्ही आलो होतो.

खाबच्या पुलाजवळ गाडी थांबवली. तिबेटातून शिपकी ला खिंडीजवळून आत आलेल्या सतलजला इथे स्पिती नदी मिळते. दोन्ही बाजूंनी उभे खडक आणि वर आकाशाची एक पट्टी. संगमावर देऊळ नाही, घाट नाही, माणूसही नाही. पत्नीने पुलावरूनच हात जोडले. इथून रस्ता सतलजला सोडून स्पितीच्या बाजूने वळणावळणांनी चढतो. 'का झिग्ज' या नावाने ओळखली जाणारी ही वळणे चढताना खालची नदी दोऱ्याएवढी होते.

नाको 3660 मीटरवर, हिमाचलातले सर्वांत उंच शिखर रिओ पुरग्यिल (6816 मीटर) याच्या पायथ्याशी आहे. गावात शिरताच मी पाहिले ते छप्पर. सपाट होते. पॉप्लर आणि वाळुंजाच्या काठ्या, त्यांवर काटक्या आणि त्यांवर चोपून बसवलेली माती. कडेला सरपण आणि चारा रचलेला. माण तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराचे माळवद असेच होते. उन्हाळ्यात आम्ही त्यावर झोपत असू आणि मृगाआधी वडील त्यावर पांढरी माती टाकत. दोन हजारांवर किलोमीटर आणि तीन हजार मीटर उंचीचे अंतर असूनही कमी पावसाने दोन्हीकडे एकच घर घडवले होते. छोट्या तळ्याभोवती वसलेल्या या गावातली अकराव्या शतकातली मंदिरेही अशीच मातीची, बाहेरून अगदी साधी आहेत.

पाचवा दिवस : नाको ते ताबो

नाकोच्या पुढे मलिंग नाला हा डोंगराचा सतत सरकणारा भाग आहे. ऊन तापले की वरचा बर्फ वितळतो, दगड सुटतात, म्हणून चालक तो सकाळीच ओलांडतात. आम्ही सातला निघालो, तरी पुढे ट्रकांची रांग होती. रात्री दरड आली होती. यंत्र आमच्या देखतच काम करत होते. तीन तास थांबावे लागले. या काळात एका ट्रकचालकाने स्टोव्हवर चहा केला आणि थांबलेल्या सर्वांना दिला. रस्ता मोकळा झाल्यावर एका वेळी एकच गाडी सोडत होते. वर एक माणूस दगडांवर नजर ठेवून उभा होता आणि त्याच्या शिटीवर सगळ्यांचा जीव होता.

सुमदोला लष्करी चौकीवर नोंद करून स्पितीत शिरलो. वाटेत बाजूच्या दरीत ग्यू गाव आहे. तिथे बसलेल्या स्थितीत जतन झालेला एका भिक्खूचा देह आहे. सांघा तेन्झिन असे त्यांचे नाव सांगतात आणि देह सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचा मानतात. 1975 च्या भूकंपात जुनी समाधी ढासळल्यावर तो उघडकीस आला. कोणतेही लेप न लावता दात, केस आणि त्वचा शाबूत आहेत, यामागे इथल्या हवेतली थंडी आणि कोरडेपणा यांचा मोठा वाटा आहे. काचेच्या पलीकडे त्यांच्यासमोर फार वेळ उभे राहणे मला योग्य वाटले नाही. नमस्कार करून निघालो.

ताबोला अंधार पडता पडता पोचलो. जेवणात थुक्पा, म्हणजे शेवयांचे गरम सूप, मिळाला.

सहावा दिवस : ताबो, ढंखर, काझा

ताबोचा विहार इसवी सन 996 मध्ये स्थापन झाला आणि तेव्हापासून तो वापरात आहे. त्याला हिमालयातले अजिंठा म्हणतात. ही तुलना प्रवासी पुस्तिकेतली म्हणून मी बाजूला ठेवली होती, पण आत गेल्यावर ती मनातून जाईना. अजिंठ्याला कलाकारांना कठीण बसाल्ट मिळाला आणि त्यांनी डोंगर कोरला. इथे जवळ फक्त माती होती, म्हणून मातीच्या विटा केल्या, मातीच्या भिंती उभारल्या, त्यांवर मातीचा गिलावा देऊन चित्रे काढली आणि मूर्तीही मातीच्याच घडवल्या. मुख्य सभागृहात भिंतींपासून पुढे आलेल्या, जवळजवळ अधांतरी वाटणाऱ्या बत्तीस मूर्ती आहेत आणि मध्ये चार दिशांना तोंड असलेला वैरोचन बुद्ध. चित्रे काश्मिरी परंपरेतली आहेत. छायाचित्रे काढू देत नाहीत आणि प्रकाशही फारसा नाही, त्यामुळे डोळे स्थिरावेपर्यंत उभे राहावे लागते. त्यात भले होते, कारण घाईने पाहून पुढे जाणे शक्यच नव्हते.

दक्षिणेकडील भिंतीवर सुधनाची कथा आहे. हा तरुण ज्ञानाच्या शोधात एका गुरूकडून दुसऱ्याकडे जातो आणि प्रत्येक गुरू त्याला आपल्याजवळचे देऊन पुढच्याकडे पाठवतो. पन्नासहून अधिक गुरूंची ही वाट भिंतीवर पट्टीसारखी उलगडते. त्या गुरूंमध्ये भिक्खू आहेत, राजे आहेत, व्यापारी आहेत, स्त्रिया आहेत आणि मुलेही आहेत. साडूभाऊंनी हळूच विचारले, "म्हणजे ही वारीच की?" मला त्याहून चांगले वर्णन सुचले नाही.

बाहेर एका तरुण भिक्खूशी बोललो. हजार वर्षे ही माती टिकली ती पाऊस नाही म्हणून, असे मी म्हणालो. ते म्हणाले, "पूर्वी नव्हता. आता उन्हाळ्यात दोन-दोन दिवस पडतो. छपरावर माती चढवत राहतो, पण माती जास्त झाली तर वजन वाढते आणि कमी झाली तर पाणी आत येते." चित्रांवरून ओघळलेल्या पाण्याच्या खुणा मी आत पाहिल्या होत्या. अजिंठ्यातही ओलावा हा चित्रांचा मोठा शत्रू आहे. पण तिथे वर डोंगर आहे आणि इथे वर हातभर माती. ज्या संस्थांकडे या वारशाचे रक्षण सोपवले आहे त्यांनी या छपरांकडे सर्वांत आधी पाहावे, असे मला कळकळीने वाटते.

दुपारी ढंखरला चढलो. जुन्या स्पितीची ही राजधानी. खाली पिन आणि स्पिती नद्यांचा संगम पसरलेला आणि मातीच्या सुळक्यांवर चिकटवल्यासारखा विहार. जुन्या इमारतीत एका वेळी थोडेच लोक सोडतात. कड्याची झीज पाहता ते योग्यच आहे. पिन खोऱ्यात जायचे आमच्या बेतात होते, पण पत्नीचे डोके दुखू लागले होते, म्हणून सरळ काझ्याला गेलो.

सातवा दिवस : काझा

रात्री तिला झोप लागली नाही, मळमळ होत होती. सकाळी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी रक्तातला प्राणवायू मोजला, काही वेळ प्राणवायू दिला आणि स्पष्ट सांगितले की आज वर जायचे नाही, भरपूर पाणी प्यायचे आणि पडून राहायचे. उद्या बरे वाटले तरच पुढे, नाहीतर खाली. आम्ही तो दिवस पूर्ण तसाच घालवला. काझा 3600 मीटरहून उंच आहे आणि इथे आलेले अनेक जण त्याच दिवशी 4500 मीटरवरची गावे पाहायला धावतात. आमच्या निवासात असेच दोन तरुण संध्याकाळी आजारी होऊन परतले. एक दिवस कमी पाहिला तरी चालेल; शरीराला त्याचा वेळ द्यावाच लागतो.

संध्याकाळी तिला भूक लागली. सातूच्या पिठाची, म्हणजे इथल्या त्साम्पाची पातळ पेज घरमालकिणीने करून दिली. सातूचे पीठ आमच्याकडे गूळ घालून खातात, इथे मीठ-लोण्याच्या चहात कालवतात.

आठवा दिवस : लांग्झा, हिक्किम, कोमिक

सकाळी डॉक्टरांना पुन्हा दाखवून, त्यांनी होकार दिल्यावरच निघालो. लांग्झा 4400 मीटरवर आहे. वर चाऊ चाऊ कांग निल्दाचे 6303 मीटरचे पांढरे शिखर, खाली कापणीला आलेल्या जवाची पिवळी शेते आणि मध्ये उघड्यावर बसलेली बुद्धाची मोठी मूर्ती.

लांग्झा ओळखले जाते ते जीवाश्मांसाठी. गावामागच्या काळ्या शेलच्या, म्हणजे चिखलापासून बनलेल्या खडकाच्या थरात अमोनाइट या प्राचीन समुद्री जीवांचे अवशेष सापडतात. हा सगळा प्रदेश एकेकाळी टेथिस समुद्राचा तळ होता आणि भारतीय भूभाग उत्तरेकडे सरकत आशियाला भिडल्यावर तो तळ इतका वर उचलला गेला. आपल्या देवघरातला गंडकीचा शाळिग्राम हाही याच समुद्रातल्या अमोनाइटचा दगड झालेला देह आहे. माझ्या आजीने रोज तुळस वाहिलेला शाळिग्राम आणि या डोंगरातला शंखाकृती दगड एकाच पाण्यात जन्मले. आपल्या दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तर हे जीव त्याहून कितीतरी आधीचे, जुरासिक काळातले. एका मुलाने खिशातून एक छोटा दगड काढून दाखवला. आम्ही तो पाहून परत दिला. असे दगड विकत घेऊ नयेत. डोंगर रिकामा होतो.

पण मला इथे खरी ओढ होती पाण्याची. शेताच्या वरच्या बांधाला एक गृहस्थ फावड्याने पाट साफ करत होते. पन्नाशीचे असावेत. मी शेतकरी कुटुंबातला आहे असे सांगितल्यावर त्यांनी फावडे ठेवले. इथल्या पाटाला कूल म्हणतात. वर हिमनदीच्या तोंडाशी पाणी वळवायचे, डोंगराच्या कुशीने उतार सांभाळत काही किलोमीटर आणायचे, गावाच्या वर तळ्यात रात्रभर साठवायचे आणि सकाळी पाळीने शेतांना सोडायचे. पाळी कोणाची हे गावातली जुनी घरे ठरवतात. गाव वसवणाऱ्या मूळ घरांना खांगछेन, म्हणजे मोठे घर, म्हणतात आणि पाण्याचा हक्क परंपरेने त्यांचा. इतरांनी पाणी घ्यायचे तर श्रमाने किंवा पैशाने त्याची भरपाई करायची. जमीनही थोरल्या मुलाकडे जाते. धाकटे पूर्वी विहारात भिक्खू होत, त्यामुळे शेताचे तुकडे पडले नाहीत आणि पाणी पुरले. या रीतीत धाकट्यांना काय सोसावे लागले असेल हा प्रश्न माझ्या मनात आला, पण पाहुण्याने पहिल्याच भेटीत तो विचारू नये म्हणून गप्प राहिलो. आमच्याकडे धुळ्याच्या पांझरा नदीवर फड पद्धत आहे, तिथेही पाटकरी असतो, पाळी असते आणि पाट साफ करायला सगळे एकत्र येतात, असे मी त्यांना सांगितले.

मग त्यांनी विचारले, "तुमच्याकडे बर्फ पडत नाही. मग पाणी कुठून येते?"

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. मी म्हणालो, चार महिन्यांच्या पावसातून. आम्ही डोंगरावर समतल चर खणतो, पाणी जिरवतो, मग ते विहिरीला येते.

"आणि पाऊस आला नाही तर?"

"मग टँकर येतो."

ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "आमच्याकडे बर्फ कमी पडला तर वाटाणा जातो. गेल्या काही वर्षांत असे झाले आहे." हिरवा वाटाणा हे इथले पैशाचे पीक. थंडीमुळे तो उशिरा तयार होतो आणि मैदानात मटार नसतो तेव्हा बाजारात पोचून चांगला भाव घेतो. जव घरच्या खाण्यासाठी. वर्षात एकच पीक. मी त्यांच्याबरोबर फावडे धरून पाटातला थोडा गाळ काढला. धाप फार लागली, पण पाणी माझ्या समोरून वळून शेतात शिरले तेव्हा वडिलांबरोबर रात्री पाळीला उभा राहत असे त्याची आठवण झाली.

हिक्किमचे टपाल कार्यालय 4400 मीटरहून उंच आहे आणि 1983 पासून चालू आहे. आम्ही प्रत्येकाने पोस्टकार्डे लिहिली. मी एक माझ्या जुन्या शाळेच्या सातवीच्या वर्गाला लिहिले आणि त्यात डोंगर काढून बाण करून 'मी इथे आहे' असे लिहिले. कोमिकला, 4587 मीटरवर, विहाराच्या अंगणात चहा घेतला आणि वेळेत खाली उतरलो.

नववा दिवस : की, छिछम, लोसर

की विहाराचे टेकडीवर एकावर एक रचलेले पांढरे खोल्यांचे रूप सर्वांनी चित्रांत पाहिलेले असते. आत भिक्खूंनी वनस्पतींचा चहा दिला. किब्बरच्या पुढे छिछमचा पूल लागतो. 2017 मध्ये तो खुला होईपर्यंत दोन गावांमधली अतिशय खोल घळ माणसे दोरावरच्या पाळण्यात बसून ओलांडत. पुलाच्या मधोमध उभे राहिल्यावर त्या पाळण्यातून शाळेत गेलेल्या मुलांचा विचार आला. लोसरला मुक्काम केला. वाटाण्याची वाळलेली वेलं छपरांवर हिवाळ्यासाठी रचणे चालू होते.

दहावा दिवस : कुंझुम, चंद्रताल

कुंझुम ला 4551 मीटरवर आहे. देवीच्या स्थानाला प्रदक्षिणा घालूनच गाड्या पुढे जातात, आमच्या चालकानेही घातली. या खिंडीत पाणी वाटले जाते. मागचे स्पितीतून सतलजला, पुढचे चंद्रा नदीतून चिनाबला.

चंद्रताल हे रामसर या आंतरराष्ट्रीय यादीतले पाणथळ स्थळ असल्याने तंबू तलावापासून काही किलोमीटर दूर ठेवलेले आहेत आणि शेवटचा भाग चालावा लागतो. दुपारी तीनला पाणी गडद निळे होते, चारला हिरवट, आणि सूर्य डोंगराआड गेल्यावर पोलादासारखे. या खोऱ्यातून वाहणारी चंद्रा पुढे तांदीजवळ भागा नदीला मिळते आणि दोघींना मिळून चंद्रभागा म्हणतात, तीच चिनाब. पत्नीने हे ऐकले आणि ती पाण्याजवळ जाऊन बसली. आपली चंद्रभागा ही भीमाच, पंढरपुरापाशी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ते नाव. आणि आमची कोरडी माणगंगा पंढरपुराच्या खाली त्याच भीमेला मिळते. या दोन चंद्रभागांचा भूगोलात काहीही संबंध नाही हे मी जाणतो. तरीही पत्नीने तिथे बसून 'पुंडलिक वरदे हरि विठ्ठल' म्हटले आणि आम्ही तिघांनी साथ दिली. तिथे दुसरे कोणी नव्हते.

रात्री तंबूत पाणी गोठले.

अकरावा दिवस : चंद्रताल ते मनाली

बातलचा ढाबा, तिथला राजमा-भात आणि मग छतडूपर्यंत रस्ता म्हणजे नदीपात्रातले गोटे. चार ठिकाणी ओढे रस्त्यावरून वाहत होते. ग्राम्फूला डांबर लागले तेव्हा अंगातले सगळे सांधे बोलत होते. पूर्वी इथून 3978 मीटर उंचीचा रोहतांग ओलांडावा लागे. 3 ऑक्टोबर 2020 रोजी खुला झालेला 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा आता पीर पंजालच्या पोटातून जातो.

बोगद्याच्या उत्तर तोंडाशी आम्ही गाडीतून उतरलो. स्वच्छ ऊन होते, डोंगर तपकिरी आणि उघडे, आमच्या कपड्यांवर स्पितीची धूळ. मी घड्याळ पाहिले. आत शिरलो आणि पिवळ्या दिव्यांखालून पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्या बाजूला निघालो. समोर काहीच दिसत नव्हते. ढग रस्त्यावर उतरले होते, देवदारांतून पाणी ठिबकत होते आणि पाऊस लागला होता, महाबळेश्वरला आषाढात लागतो तसा. चालकाने अकरा दिवसांत पहिल्यांदा वायपर चालू केला. काचेवरची लांग्झा-कोमिकची माती ओली होऊन दोन्ही बाजूंना वाहू लागली आणि पत्नीने खिडकी खाली करून हात बाहेर धरला.